पाऊस सगळ्यांना आवडतो, मग मलाच का जड जातो?

"मी ४८ वर्षांची. पुण्यात सिंहगड रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर राहते. अकाउंट्सचं काम करते, तेही घरूनच, नऊ ते सहा. गेल्या वर्षी मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. घरात मी, नवरा आणि सासूबाई. तक्रार करावी असं काही नाही. पण गेली काही वर्षं जुलै लागला की माझं काहीतरी बिघडतं. सकाळी उठवत नाही, दुपारी झोप अनावर होते आणि रात्री डोळा लागत नाही. सारखं तळलेलं, गरम काहीतरी खावंसं वाटतं आणि खाल्लं की स्वतःचाच राग येतो. फोनसुद्धा उचलावासा वाटत नाही. २०२४ च्या जुलैत आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, स्कूटर गेली. तेव्हापासून ग्रुपवर 'धरणातून विसर्ग वाढवला' असा मेसेज आला की पोटात गोळा येतो. मैत्रिणी ताम्हिणी घाटाचे फोटो टाकतात, ते बघूनही मला दमायला होतं. सासूबाई म्हणतात, 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.' ऋतूप्रमाणे मनाची काळजी कशी घ्यायची याच्या याद्या इंटरनेटवर वाचल्या. त्यात पानगळ, बर्फ, शेकोटी आणि मेणबत्त्या. एक वही आणली, थोडं लिहिलं, सुटलं. आता एक मैत्रीण मुळशीजवळच्या दोन दिवसांच्या निसर्ग-शिबिराला चल म्हणतेय. पैसे बरेच आहेत. जाऊ का? हा आळस आहे, वय आहे की आजार? आणि दिवाळीपर्यंत हे आपोआप ओसरतंच, तर त्याचा एवढा विचार तरी करावा का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. दरवर्षी जुलैत येतं आणि दिवाळीपर्यंत ओसरतं, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. जे वेळापत्रक धरून येतं, त्याची तयारी करता येते. छत्रीच्या काड्या, गच्चीची गळती, गाडीचे वायपर, सगळं आपण मे महिन्यातच बघून ठेवतो. मनाच्या बाबतीत मात्र दर जुलैला नव्याने दचकतो आणि पहिला शब्द सुचतो तो आळस. आळशी माणूस इतकं नेमकं पत्र लिहायचे कष्ट घेत नाही, तेव्हा तो शब्द बाजूला ठेवू. आजार आहे का, हे पत्रावरून मी ठरवणार नाही. ते डॉक्टरांचं काम, आणि त्याबद्दल पुढे लिहितेच. आधी उजेडाचं बघू.

विशिष्ट ऋतूत दरवर्षी येणाऱ्या खिन्नतेचं वर्णन अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. त्यांनी बघितलेले बहुतेक लोक हिवाळ्यात कोमेजणारे होते, जास्त झोपणारे, पिठूळ-गोड खात सुटणारे. थंड देशांत हिवाळ्यातला दिवसच तोकडा असतो. लंडनमध्ये डिसेंबरात तो आठ तासांचाही भरत नाही. पुण्याचा हिशेब वेगळा. आपला सगळ्यात लहान दिवस जवळपास अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा. हा मोठा दिवस येतो २१ जूनच्या सुमारास, म्हणजे नेमका ढग येऊन ठाकतात तेव्हा. दिवस लांब, पण सूर्य दिसत नाही, असा आपला जुलै. तुम्ही वाचलेल्या याद्या निरुपयोगी का ठरल्या, ते यातच आलं. त्या दुसऱ्या हवामानासाठी लिहिलेल्या आहेत. आपल्याकडे डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात हुशारीचा महिना, त्यात शेकोटी लावून स्वतःला सावरत कशाला बसायचं?

त्या संशोधनातला हिवाळा उचलून आपल्या पावसाळ्यावर जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, हे कुठल्याही गावात तेवढंच खरं. तो उजेड डोळ्यांना मिळाला नाही की झोप पुढे सरकते. रात्री लागत नाही, सकाळी सुटत नाही, दुपारी गाठते. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतं.

आता एक करून बघा. प्रकाश मोजणारं एखादं साधं ॲप फोनवर फुकट मिळतं. अगदी काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. तुमच्या कामाच्या टेबलाशी मोजा, मग छत्री घेऊन खाली सोसायटीच्या आवारात मोजा. ट्यूबलाइटखाली साधारण शे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) येतील. बाहेर, अगदी भरून आलेल्या सकाळीही, हजाराच्या वर आणि बऱ्याचदा कितीतरी हजार. घरात बसून आपल्याला वाटतं बाहेरही अंधारच आहे. डोळा पटकन सरावतो, म्हणून फरक कळत नाही.

आणि घरात एवढा अंधार का, तेही जरा बघा. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये जूनअखेर एक गोष्ट घडते. झड आत येते म्हणून बाल्कनीला निळं प्लास्टिक लागतं. कपडे वाळत नाहीत म्हणून उरलेल्या खिडकीत स्टँड उभा राहतो आणि त्यावर दोन दिवसांचे कुबट टॉवेल, जीनच्या पँटी, चादरी. घरातला उजेडाचा एकुलता एक रस्ता आपणच बंद करतो, मग दुपारी बाराला दिवा लावून त्या पँटींच्या आडोशाला कामाला बसतो. कपडे पॅसेजमध्ये न्या, पंखा लावा, जाड कपडे धुवायला टाकणं आठवड्यातून एकदाच ठेवा. टेबल खिडकीपाशी आणा. प्लास्टिक लावायचंच असेल तर निळं नको, पारदर्शक आणा. ही कुठल्याही ध्यानवर्गाआधीची गोष्ट आहे.

दुसरं, सकाळी साडेसात-आठच्या सुमारास अर्धा तास बाहेर. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. टेकडीवरच गेलं पाहिजे असं नाही. तळजईच्या पायवाटा या दिवसांत निसरड्या असतात आणि पर्वतीच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळं. उघडीप असेल त्या दिवशी जा. एरवी विठ्ठलवाडीच्या देवळापर्यंत, नाहीतर नुसतं दूध आणायला लांबच्या डेअरीवर. चालण्याचा वेग, पावलांचा आकडा, यातलं काही मोजू नका. बाहेर असणं पुरे आहे.

दुपारच्या झोपेबद्दल आपल्या परंपरेत एक नेमका सल्ला आहे. वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या ऋतुचर्येत ग्रीष्मात दिवसा झोपायला मुभा आहे, वर्षा ऋतूत मात्र दिवसा झोपू नये असं बजावलंय. ग्रंथाची कारणमीमांसा वात-पित्ताची आहे, पण आजचा झोपेचा डॉक्टरही तुम्हाला दुपारची झोप आवरायलाच सांगेल. अगदीच डोळे मिटत असतील तर तीनच्या आत, खुर्चीत, वीस मिनिटं. पलंगावर पाठ टेकली की संध्याकाळ गेली.

खाण्यापिण्याचा जाच करून घेऊ नका. पावसात भजी खाणं हा गुन्हा नाही, रोज खाल्ली तर जड पडतात इतकंच. या ऋतूत भूक मंदावते असं आयुर्वेदही म्हणतो आणि आपलं पोटही. मुगाची खिचडी, कुळथाचं पिठलं, ज्वारीची भाकरी आणि आलं घातलेलं काहीही चालेल. पण मला सुचवायचंय ते वेगळं. एका रविवारी सकाळी सासूबाईंना घेऊन मंडईत जा. रस्त्याकडेला पोतं पसरून बसलेल्या बायकांकडे टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी, नशीब असेल तर करटोली. करटोलीचा भाव ऐकून पाव किलोवर थांबाल. कुठला वाटा कोवळा, भारंगी उकळून तिचं कडू पाणी का टाकायचं, टाकळ्याची कुठली पानं घ्यायची आणि कुठली फेकायची, हे सासूबाईंना विचारा. न ओळखता एकही रानभाजी घरी आणू नका, म्हणूनही त्या बरोबर हव्यात. घरी आल्यावर दोघी निवडत बसा. "आमच्या वेळी" हा विषय त्या ढिगाऱ्यासमोर बसून फार बरा निघतो.

आता त्या वाक्याबद्दलच बोलू. सासूबाई खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. त्यांच्या वेळी या महिन्यांत माणसं एकमेकांकडे जात. आषाढातल्या शेवटच्या दिवशी, दिव्यांच्या अमावस्येला, घरातले सगळे दिवे घासून, पाटावर मांडून लावायचे. ऐन अंधारातला सण. मग श्रावण, नागपंचमी, शेजारच्या नव्या नवरीची मंगळागौर, झिम्मा-फुगडी, रात्रभर जागणं. भाद्रपदात गौरी-गणपती. वर्षातले सगळ्यात अंधारे महिने माणसांनी भरून टाकलेले होते आणि बसून राहायची सोयच नव्हती. पण त्याच श्रावणात घरच्या पुरुषांचा उपास म्हणजे बायकांनी भिजवलेला साबुदाणा, सोवळ्यातला स्वयंपाक आणि वाड्याच्या मागच्या खोलीतला धूर, हेही होतं. तिथे कुणाचं मन बसलं तर "अंगात आळस भरलाय" म्हणायचे. असलं काही नव्हतं असं नाही, विचारायला कुणी नव्हतं.

म्हणून सणांतून माणसं घ्या, राबणं सोडा. यंदा कुणाच्या तरी मंगळागौरीला नुसत्या पाहुण्या म्हणून जा. पुरणपोळ्या विकत मिळतात आणि पुण्यात त्या चांगल्याच मिळतात.

पाण्याच्या भीतीचं प्रकरण वेगळं आहे आणि ते उदासीत कालवू नका. तिला खरं कारण आहे. २५ जुलै २०२४ ला तुमच्या भागात नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं ते सगळ्या पुण्याने पाहिलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्याची आठवण काढल्याशिवाय अजूनही कित्येक घरांत जुलै जात नाही. पाऊस म्हणजे आनंद, हे नदीपासून लांब राहणाऱ्यांना म्हणायला सोपं आहे. ताम्हिणीचे फोटो बघून तुम्हाला दमायला होतं, यात काही विचित्र नाही.

भीतीला काम दिलं की ती बरीच शहाण्यासारखी वागते. सोसायटीच्या ग्रुपचा आवाज बंद करा. तिथे एकच मेसेज दहा जण दहा वेळा टाकतात आणि त्यात मागच्या वर्षीचाही असतो. खडकवासला धरणाच्या विसर्गाचे आकडे पाटबंधारे खातं आणि महापालिका जाहीर करतात. ते सकाळी एकदा आणि रात्री झोपण्याच्या बरंच आधी एकदा बघायचे. धरणक्षेत्रात अतिवृष्टीचा इशारा असेल तेव्हाच जास्त वेळा, आणि त्या रात्री कुणी जागायचं हे शेजाऱ्यांत वाटून घ्यायचं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. किती हजार क्युसेकला तुमच्या कोपऱ्यावर पाणी येतं, हे जुन्या रहिवाशांना ठाऊक असतं. त्यांना विचारून सोसायटीत एक आकडा ठरवा, त्याच्या बऱ्याच अलीकडचा. तो आला की गाड्या उंचावर. कागदपत्रं, सासूबाईंची औषधं, चार्जर एका पिशवीत दाराशी. हे सगळं एका शनिवारी उरकतं. त्यानंतरही मेसेज आला की छाती धडधडत असेल, त्या दिवसाची स्वप्नं पडत असतील, तर समुपदेशकाला हे आवर्जून सांगा. अशा धक्क्यांवर चांगले उपचार आहेत.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला दिसतं ते आणखी एक. अकाउंट्सचं काम म्हणजे जुलै हा रिटर्नचा हंगाम. म्हणजे शरीर मंद असतं नेमकं तेव्हाच कामाचा डोंगर. त्यात नऊ ते सहा हे वर्षभर सारखंच. वर्षाचे बाराही महिने तेवढ्याच उमेदीने काम करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. जून ते सप्टेंबर स्वतःकडून थोडं कमी मागा. नवा क्लास, नवा डाएट, माळा आवरणं, कपाटं लावणं, यातलं काहीही पावसाळ्यात सुरू करायचं नाही. जड फाइली सकाळच्या दोन तासांत, खिडकीशी. बाकीचं रेटून न्यायचं.

राहिलेलं मग वर्षात वाटा. ऋतू बदलताना जुन्याचे शेवटचे सात दिवस आणि नव्याचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी मानतात आणि त्या पंधरवड्यात सवयी हळूहळू सोडायच्या, हळूहळू धरायच्या, असं आयुर्वेद सांगतो. मला हे फार व्यवहारी वाटतं. ऑक्टोबरचा उन्हाळा चिडचिडा असतो, तेव्हा मोठे निर्णय आणि नातेवाइकांशी हिशेब नकोत. संध्याकाळी एखाद्या जुन्या रस्त्यावर बुचाच्या फुलांचा सडा असतो, तो तेवढा बघून या. नोव्हेंबर ते जानेवारी हा तुमचा कमाईचा काळ. क्लास तेव्हा लावा, सिंहगड तेव्हा चढा, सवाई गंधर्व महोत्सवाला तेव्हा जा, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी पचते तीही तेव्हाच. मार्चअखेर तुमचा धंदाच तुम्हाला सोडणार नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी खुशाल झोपा, वाग्भटांची परवानगी आहे, आणि पन्हं पीत पुढच्या जूनची तयारी करा.

आता डॉक्टर. तुमचं वय ४८, म्हणजे पाळी जाण्याचा काळ. त्यात झोप आणि मन दोन्ही हलतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. यातलं काही कमी असेल तर कितीही चाललात तरी थकवा हटणार नाही. मुलगी गेल्याचा सल आहेच, पण "गेली काही वर्षं" असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ती घरात होती तेव्हाही जुलै जडच जात होता. सगळं तिच्या जाण्यावर ढकलू नका आणि तिला फोनवर तसं जाणवूही देऊ नका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ, रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटत असेल, पूर्वी आवडणारं काहीच आवडत नसेल, कामं अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंच. दिवाळीची वाट बघायची नाही. ससून या सरकारी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे, खासगीचाच खर्च करायला हवा असं नाही. जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदाही डोकावला तर त्याच दिवशी घरात कुणालातरी सांगा आणि टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. दहा हजार लक्सचे दिवे ऑनलाइन मिळतात, ते मनाने मागवू नका. डोळ्यांचा त्रास असलेल्यांना आणि ज्यांचं मन उदासी आणि अतिउत्साह अशा दोन टोकांना जातं त्यांना ते बाधू शकतात. डॉक्टरांनी सांगितलं तरच.

वही सुटली त्याचं वाईट वाटून घेऊ नका. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकोनात रोज दोन खुणा करा. सकाळी बाहेर गेलात की नाही आणि रात्री झोप कशी लागली. डॉक्टरांकडे जाताना ती पानं घेऊन जा, त्यांना पानभर आत्मचिंतनापेक्षा याचा जास्त उपयोग होईल.

मुळशीचं शिबिर? मैत्रिणीची सोबत आवडत असेल आणि पैसे जड जाणार नसतील तर मजा म्हणून जा. पण शनिवार सकाळचा चांदणी चौक आणि रविवार संध्याकाळचा परतीचा ट्रॅफिक धरूनच आनंदाचा हिशेब करा, आणि सोमवारी सगळं बदललेलं असेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच मैत्रिणीला आठवड्यातून दोन सकाळी तुमच्याबरोबर चालायला ओढलंत तर दोघींचे पैसे वाचतील. फोन उचलावासा वाटत नाही त्या दिवशी ती खाली येऊन उभी राहील, हा त्यातला खरा फायदा.

पत्रात नवऱ्याचा उल्लेख फक्त घरात कोण कोण आहे एवढ्यापुरता आला. त्यांना हे नीट सांगितलंय का? एका संध्याकाळी सरळ सांगा, "जुलै ते सप्टेंबर मला जड जातो, दरवर्षी जातो. मला समजावू नकोस, सकाळी साडेसातला माझ्याबरोबर खाली उतर आणि संध्याकाळचं जेवण आठवड्यातून दोनदा तू बघ." अंदाजाने कळेल म्हणून थांबू नका. पुरुषांना नेमकं काम सांगितलं तर बहुतेक जण करतात. आणि रक्ताच्या तपासण्यांची वेळ याच आठवड्यात घ्या, रिटर्नचं काम संपायची वाट बघू नका.